ढाक्याच्या आखाड्याला पंच मिळाला नाही

३० डिसेंबर २०२५ रोजी ढाक्यात खालिदा झिया वारल्या. त्याच्या सहा आठवडे आधी, १७ नोव्हेंबरला, ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाने शेख हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली होती. हसीना तेव्हा भारतात होत्या. १९९१ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंत, मधली काळजीवाहू सरकारे वगळली तर, बांगलादेशाचे पंतप्रधानपद या दोघींपैकी एकीकडेच होते. एक मातीआड गेली, दुसरी परागंदा झाली, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी व वाहिन्यांनी या सगळ्याला पुन्हा तेच जुने नाव दिले: दोन बेगमांचे भांडण.

हे नाव चुकीचे आहे, आणि त्यामुळे रोगाचे निदानही चुकते. निदान चुकण्याची ही तऱ्हा कोल्हापूरकरांनी तरी ओळखायला हवी, कारण आपल्याच इतिहासाबाबत आपण ती वापरत आलो आहोत. कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार असलेल्या ताराराणींना आपण रोज पाहतो. १७०० साली राजाराम महाराज गेल्यानंतर सात वर्षे औरंगजेबाशी झुंज चालवणारी ही बाई. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर त्यांची सवत राजसबाई यांच्या पक्षाने सत्ता हाती घेतली, ताराराणी आणि त्यांचा मुलगा शिवाजी यांना कैदेत टाकले आणि राजसबाईंचा मुलगा संभाजी यांना गादीवर बसवले. या घटनेला आपण काय म्हणतो? सवतीमत्सर. पण साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात पुढे जे झाले त्याला मात्र आपण राजकारण म्हणतो, तह म्हणतो, हद्दीचा प्रश्न म्हणतो. खरे तर दोन्ही ठिकाणी तंटा एकच होता. गादी कोणाची आणि ते ठरवायचे कोणी, याचा सर्वांना मान्य असा नियमच नव्हता. संभाजी महाराजांच्या १७३० मधल्या पराभवानंतर, १७३१ साली वारणेचा तह झाला, नदी ही हद्द ठरली, आणि दोन्ही गाद्यांमधला झगडा निवला. कोणाचा स्वभाव बदलला म्हणून तो निवला नाही. हद्द कागदावर आली म्हणून निवला.

ढाक्यात नेमके हेच झाले नाही. तिथली वारणा दर काही वर्षांनी आपले पात्र बदलत राहिली, आणि ते बदलण्याचे काम दोघींनीही आळीपाळीने केले.

सुरुवात पाहू. १५ ऑगस्ट १९७५ रोजी हसीनांचे वडील शेख मुजीबुर रहमान यांची कुटुंबासह हत्या झाली. हसीना आणि धाकटी बहीण रेहाना युरोपात होत्या म्हणून वाचल्या. हसीनांनी पुढची सहा वर्षे दिल्लीत काढली आणि १७ मे १९८१ रोजी त्या ढाक्याला परतल्या. त्यानंतर अवघ्या १३ दिवसांनी, ३० मे रोजी, चितगावमध्ये राष्ट्राध्यक्ष झियाउर रहमान यांची लष्करी अधिकाऱ्यांनी हत्या केली आणि खालिदा विधवा झाल्या. दोघींनाही राजकारणात आणले ते घरातल्या रक्ताने. त्यातून मनात अढी राहिली असेल, आणि ती खोलवर असेल, हे कोणीही मान्य करील.

पण ही अढी असतानाही दोघींना एकत्र काम करता आले, हे फार थोड्यांना आठवते. जनरल इर्शाद यांनी मार्च १९८२ मध्ये सत्ता बळकावली. १९८६ च्या निवडणुकीत हसीनांची अवामी लीग उतरली, खालिदांच्या बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीने (बीएनपी) बहिष्कार घातला आणि त्यावरून कटुता वाढली. तरीही १९९० च्या नोव्हेंबरात दोघींच्या आघाड्या आणि डाव्यांची आघाडी यांनी मिळून एक संयुक्त मसुदा काढला: इर्शाद यांनी पायउतार व्हावे, सत्ता पक्षविरहित माणसाकडे द्यावी, त्याने निवडणूक घ्यावी. ६ डिसेंबर १९९० रोजी इर्शाद गेले. सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांनी हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून कारभार पाहिला आणि २७ फेब्रुवारी १९९१ रोजी मतदान झाले. बीएनपीला १४० जागा, अवामी लीगला ८८. मते मात्र दोघींना जवळजवळ सारखी, तीस-एकतीस टक्क्यांच्या घरात. त्याच वर्षी अध्यक्षीय पद्धत मोडून संसदीय पद्धत आणणारी बारावी घटनादुरुस्ती झाली आणि तिला दोन्ही पक्षांनी मिळून मते दिली.

त्या वर्षी दोघींचा स्वभाव काही निराळा नव्हता. पंच निराळा होता. दोघींनी मान्य केलेला आणि दोघींपैकी कोणाच्याच हातात नसलेला.

ही गोष्ट खासबागेत कुस्ती पाहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. दोन तालमींची पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस असली तरी कुस्ती निकाली होते, कारण पंच दोन्हींकडून मान्य असतो आणि हरलेला मल्ल पुढच्या वर्षी पुन्हा आखाड्यात उतरू शकतो. यातली एक अट काढली तरी प्रेक्षक मैदानात उतरतात. ढाक्यात दोन्ही अटी एकेक करून गेल्या.

पहिली अट कशी गेली ते नीट पाहण्यासारखे आहे. मार्च १९९४ मध्ये मागुरा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. सत्तेवर खालिदा होत्या आणि गैरप्रकारांचे आरोप इतके गंभीर होते की अवामी लीगने यापुढची प्रत्येक निवडणूक पक्षविरहित सरकारनेच घ्यावी अशी मागणी लावून धरली. डिसेंबरात विरोधी खासदारांनी सामूहिक राजीनामे दिले. १५ फेब्रुवारी १९९६ ची निवडणूक विरोधकांच्या बहिष्कारात झाली. तिला किंमत नव्हती हे खालिदांनाही कळले, आणि त्याच अल्पायुषी संसदेने मार्चमध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर केली.

तेराव्या दुरुस्तीची रचना अशी होती. संसद विसर्जित झाली की पंधरा दिवसांत पक्षविरहित काळजीवाहू सरकार बसायचे: एक मुख्य सल्लागार आणि जास्तीत जास्त दहा सल्लागार. त्यांनी फक्त रोजचा कारभार पाहायचा आणि नव्वद दिवसांत निवडणूक उरकायची. मुख्य सल्लागार कोण, यासाठी सहा पायऱ्यांची शिडी होती. पहिली पसंती सर्वांत अलीकडे निवृत्त झालेल्या सरन्यायाधीशाला. तो नसेल किंवा नको म्हणाला, तर त्याच्या आधीचा. तोही नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागातला सर्वांत अलीकडे निवृत्त झालेला न्यायमूर्ती, मग त्याच्या आधीचा. मग पक्षांशी बोलून ठरवलेला एखादा नागरिक. आणि यातले काहीच जमले नाही, तर खुद्द राष्ट्राध्यक्ष.

व्यवस्था चालली. जून १९९६ मध्ये अवामी लीग जिंकली, १४६ विरुद्ध ११६. ऑक्टोबर २००१ मध्ये सत्ता फिरली आणि बीएनपीला १९३ जागा मिळाल्या, अवामी लीगला ६२. एकाच पद्धतीने दोन वेळा सत्तांतर झाले. आशियातल्या कित्येक देशांना हे जमलेले नाही, आणि या कामगिरीचे श्रेय दोघींनाही कोणी देत नाही याचे वाईट वाटते.

पण शिडीच्या पहिल्याच पायरीत दोष होता. सर्वांत अलीकडे निवृत्त झालेला सरन्यायाधीश म्हणजे ज्याचे नाव पाच वर्षे आधी पंचांग पाहून काढता येते असा माणूस. कोणाची नेमणूक कधी, निवृत्तीचे वय किती, यावरून पुढचा पंच कोण ते सत्ताधाऱ्याला आधीच मोजता येते. २००४ मध्ये खालिदांच्या सरकारने चौदावी दुरुस्ती करून न्यायमूर्तींचे निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ केले. त्यामुळे २००६ च्या ऑक्टोबरात मुख्य सल्लागारपद न्या. के. एम. हसन यांच्याकडे जाणार हे ठरून गेले. त्यांचा पूर्वी बीएनपीशी संबंध होता, असा अवामी लीगचा आरोप होता. पंच निःपक्ष असावा म्हणून तो न्यायालयातून घेतला, आणि परिणाम असा झाला की डावच न्यायालयात शिरला. पुढे तिथे न्यायमूर्तींच्या प्रत्येक नेमणुकीकडे दोन्ही पक्ष निवडणुकीच्या नजरेने पाहू लागले.

दुसरा दोष यादीचा. सहकारातल्या लढती जवळून पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आपल्याकडे साखर कारखान्याची निवडणूक मतदानाच्या दिवशी जिंकली जात नाही, ती सभासद यादीत जिंकली जाते: मयत सभासदांची नावे, वारसांच्या नावे न झालेले शेअर्स, थकबाकीदार, कच्च्या यादीवरच्या हरकती, मग पक्की यादी. दूध संघाच्या निवडणुकीत तर प्राथमिक संस्थेचा ठराव कोणाच्या नावाने झाला यावरच निम्मा निकाल लागतो आणि ठरावधारक सांभाळण्यात महिना जातो. बांगलादेशात २००६ च्या मतदारयादीत सुमारे ९ कोटी ३० लाख नावे होती. पुढे लष्कराच्या मदतीने घरोघरी जाऊन छायाचित्रांसह नवी यादी केली, तेव्हा ती सुमारे ८ कोटी १० लाखांवर आली. म्हणजे एक कोटी वीस लाख नावे गळाली. अशा यादीवर निवडणूक लढा म्हणणे म्हणजे अर्धी कुस्ती आधीच सोडा म्हणणे. २००६ मध्ये हसीनांनी रस्त्यावर आंदोलन उभे केले त्याला हे भक्कम कारण होते.

न्या. हसन यांनी पद नाकारले. राष्ट्राध्यक्ष इयाजुद्दीन अहमद यांनी मधल्या पायऱ्या पुरत्या न तपासता मुख्य सल्लागारपद स्वतःकडे घेतले, असा विरोधकांचा आक्षेप होता. ११ जानेवारी २००७ रोजी लष्कराच्या पाठबळाने आणीबाणी आली, फखरुद्दीन अहमद यांचे सरकार बसले आणि नव्वद दिवसांची मुदत जवळजवळ दोन वर्षांवर गेली. जुलैत हसीनांना अटक झाली, सप्टेंबरात खालिदांना. दोघींनाही राजकारणातून काढून टाकले की प्रश्न मिटेल, असे त्या काळात ढाक्यातल्या अनेक सुशिक्षितांना मनापासून वाटत होते. ‘मायनस टू’ असे त्याला नावच पडले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण आपल्याकडेही हा विचार लोकप्रिय आहे. पुढारी भांडतात, तर प्रशासक बसवा. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. रस्ते, पाणी, घरफाळा यांचा जाब विचारायला वॉर्डात नगरसेवक नव्हता, आणि गटतटही मिटले नाहीत. नुसते दबून राहिले आणि निवडणूक जाहीर होताच जसेच्या तसे वर आले. ढाक्यातही हेच झाले. दोन वर्षांत मतदारयादी सुधारली, पारदर्शक मतपेट्या आल्या, हे काम मोलाचे होते. पण २९ डिसेंबर २००८ ला मतदान झाले ते त्याच दोन पक्षांमध्ये आणि त्याच दोन नेत्यांमध्ये. काळजीवाहू सरकार हे मर्यादित कामासाठी, मर्यादित मुदतीसाठी असते. मुदत ओलांडली की ते स्वतःच एक गट बनते.

२००८ मध्ये अवामी लीगला २३० जागा मिळाल्या, बीएनपीला ३०. मतांचे प्रमाण पाहिले तर अवामी लीगला निम्म्याच्या आत, बीएनपीला जवळपास एक-तृतीयांश. ज्याला सर्वाधिक मते त्याला जागा, या पद्धतीने मतांमधली दरी जागांमध्ये अनेक पटींनी फुगते. २००१ मध्येही असेच झाले होते: दोन्ही पक्षांना प्रत्येकी चाळीस-एकेचाळीस टक्के मते, पण आघाडीच्या बेरजेमुळे जागांमध्ये १३१ चा फरक. हा फुगवटा महत्त्वाचा आहे, कारण दोन-तृतीयांश बहुमत हातात आले की राज्यघटना बदलता येते. २००१ च्या फुगवट्यातून चौदावी दुरुस्ती निघाली आणि २००८ च्या फुगवट्यातून पंधरावी. ३० जून २०११ रोजी हसीनांच्या संसदेने काळजीवाहू सरकारची पद्धतच रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात तेरावी दुरुस्ती अवैध ठरवली होती हे खरे, पण पुढच्या दोन निवडणुका याच पद्धतीने घेता येतील अशी वाटही ठेवली होती. ती वाट सरकारने घेतली नाही. ज्या मागणीसाठी १९९४ ते १९९६ हसीनांनी देश बंद पाडला, तीच व्यवस्था त्यांनी स्वतः मोडली. आणि १९९४ मध्ये जी मागणी खालिदांनी धुडकावली, तिच्यासाठी आता खालिदा रस्त्यावर उतरल्या. भांडणाचा विषय वीस वर्षांत बदलला नाही. दोघींनी फक्त जागा बदलल्या.

२६ ऑक्टोबर २०१३ रोजी हसीनांनी खालिदांना फोन केला. ३७ मिनिटे बोलणे झाले आणि ते पुढे जगजाहीर झाले. हसीनांनी साठ तासांचा हरताळ मागे घेऊन २८ तारखेला जेवायला या म्हटले. खालिदांनी नकार दिला. सरकारी लाल फोन चालू होता की बंद, यावरच बराच वेळ गेला. हा संवाद दोघींचा हट्टीपणा म्हणून पुन्हा पुन्हा ऐकवला जातो. तो हट्टीपणा होताच. पण त्या दिवशी खालिदा जेवायला गेल्या असत्या तरी टेबलावर ठेवायला काय होते? निवडणूक हसीनांच्याच सरकारखाली होणार हे घटनेत लिहून झाले होते. ५ जानेवारी २०१४ ला बीएनपीने बहिष्कार घातला आणि ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या, म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारसंघांत मतपेटी उघडलीच नाही. २०१८ मध्ये बीएनपी उतरली, तेव्हा आदल्या रात्रीच पेट्या भरल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बहिष्कार. सलग तीन निवडणुकांत मत वाया गेलेले तरुण जुलैमध्ये रस्त्यावर आले आणि ५ ऑगस्टला हसीनांना देश सोडावा लागला. मतपेटीने होणारे सत्तांतर अडवले की ते रक्त सांडून होते, आणि त्या पावसाळ्यात ढाक्यात ते फार सांडले.

आता दुसरी अट, हरलेल्याला पुन्हा उतरता येण्याची. २१ ऑगस्ट २००४ रोजी, खालिदा सत्तेवर असताना, ढाक्यात हसीनांच्या सभेवर हातबॉम्ब पडले आणि २४ माणसे मेली. २०१० मध्ये, हसीना सत्तेवर असताना, खालिदांना ढाक्याच्या लष्करी छावणीतले चाळीसेक वर्षांचे राहते घर सोडावे लागले. २०१८ मध्ये अनाथालय ट्रस्ट प्रकरणात त्यांना तुरुंगवास झाला. जानेवारी २०२५ मध्ये, हसीना गेल्यावर, सर्वोच्च न्यायालयाच्या अपील विभागाने त्यांना त्यातून निर्दोष सोडले. हातबॉम्ब खटल्यात २०१८ मध्ये खालिदांचे पुत्र तारिक यांना जन्मठेप झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्या आरोपींना मुक्त केले. यातला कोणता निकाल बरोबर, हा भाग वेगळा. निकाल सरकारबरोबर फिरतो असे सामान्य माणसाला वाटू लागले की पुढच्या निवडणुकीत हरणे कोणालाच परवडत नाही. हरलो तर घर, पक्ष, कदाचित जीवही जाणार असेल, तर जो सत्तेवर आहे तो पंच बदलणारच. स्त्री असो, पुरुष असो.

म्हणूनच ‘बेगम’ या शब्दाबद्दल मला तक्रार आहे. आपल्या जिल्ह्यात कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक, महापालिका यांवरून दोन-दोन पिढ्या चाललेले संघर्ष आहेत. भाऊबंदकी म्हणतो, गटबाजी म्हणतो, पण ‘पुरुष आहेत म्हणून भांडतात’ असे कोणी लिहीत नाही. शिवाय या नावाने आणखी एक गोष्ट झाकली जाते. सुमारे तीस वर्षे बायका पंतप्रधान असूनही त्या संसदेतल्या महिलांच्या ५० राखीव जागा थेट मतदानाने भरत नाहीत. ३०० जागांमधल्या पक्षबळानुसार पक्ष त्या वाटून घेतात. आपल्या ग्रामपंचायतीतली राखीव जागेवरची बाई वॉर्डातून निवडून येते, तिला मतदाराचा आधार असतो. तिथल्या राखीव खासदाराला फक्त पक्षप्रमुखाचा. त्यातच घटनेचे सत्तरावे कलम असे की पक्षाच्या विरोधात मत दिले की खासदारकी जाते. ‘ताई, हे चुकतंय’ असे हसीनांना किंवा खालिदांना स्वतःच्या पक्षातून कोण म्हणणार होते? दोघींचे हट्ट देशाचे हट्ट झाले ते या कलमामुळे.

माणसांचा दोष शून्य, असा याचा अर्थ नाही. मुजीब यांच्या हत्येच्या दिवशी, १५ ऑगस्टला, खालिदांनी वर्षानुवर्षे वाढदिवस साजरा केला. तो समोरच्या घराच्या जखमेवर मीठ चोळणारा होता. जानेवारी २०१५ मध्ये खालिदांचा धाकटा मुलगा वारला, तेव्हा हसीना सांत्वनाला खालिदांच्या गुलशनमधल्या कार्यालयापर्यंत गेल्या आणि फाटक बंद राहिले. आपल्याकडे कट्टर वैरीसुद्धा मातीला येतो आणि त्याला कोणी अडवत नाही. हे सगळे टाळता आले असते. पण १९९१ मध्येही हीच माणसे होती, आणि तेव्हा जमले होते.

मग करायचे काय? आपल्याकडे सहकारी संस्थांच्या निवडणुका घेण्यासाठी सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आले. त्याच्यावरही टीका होते, निवडणुका पुढे ढकलल्या जातात, तरी एक गोष्ट झाली: संचालक मंडळाला स्वतःची निवडणूक स्वतः ठरवता येत नाही. ढाक्यालाही पंच असा हवा की ज्याचे नाव आधी मोजता येणार नाही. दोन्ही बाजूंना मान्य अशा दहा-बारा नावांतून शेवटच्या आठवड्यात चिठ्ठी काढावी. चिठ्ठीला कोणाचाही वशिला लागत नाही. निवडणुकीच्या नियमांना हात लावणारी घटनादुरुस्ती दोन-तृतीयांशावर न होता विरोधी बाकांवरच्या निम्म्या खासदारांच्या संमतीनेच व्हावी. सत्तरावे कलम विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प एवढ्यापुरते ठेवावे. आणि मतदारयादी दर निवडणुकीआधी गावोगाव जाहीर वाचून हरकती घ्याव्यात. यातले काहीही अवघड नाही, पैसाही फारसा लागत नाही. लागते ते एवढेच, की जिंकण्याची खात्री असलेल्या पक्षाने हरण्याची तयारी आधी करून ठेवावी.

२० नोव्हेंबर २०२५ रोजी अपील विभागाने काळजीवाहू सरकारची पद्धत पुढील काळासाठी पुन्हा जिवंत केली. खालिदा तेव्हा हयात होत्या. ज्या मागणीसाठी त्यांनी आयुष्याची शेवटची बारा-चौदा वर्षे घातली ती न्यायालयात मान्य झाली. पण मे २०२५ पासून अवामी लीगच्या कामकाजावर बंदी आहे आणि तिची नोंदणी निलंबित झाली. म्हणजे पंच परत येताना एक तालीमच मैदानाबाहेर काढलेली आहे. आणि पुन्हा उभ्या केलेल्या शिडीची पहिली पायरी तीच आहे, १९९६ ची: सर्वांत अलीकडे निवृत्त झालेला सरन्यायाधीश. त्याचे नाव पंचांग पाहून आजही काढता येते.